काकांच्या बोटीसाठी टॅबलेट : प्रकल्प नोंदी

14 जून 2025

बोट वर ओढून झाली. दांडीच्या किनाऱ्यावर माडांच्या खाली, झापांनी शाकारलेली. 31 जुलैपर्यंत मासेमारीला बंदी, आणि मालवणात तोपर्यंत कोणाची बाहेर पडायची छातीही नसते. म्हणजे मला निदान दीड महिना मोकळा.

काम असं: काकांचा हातात धरायचा जीपीएस आठ-नऊ वर्षं खारं पाणी पिऊन मेला. स्क्रीनवर उभ्या रेघा, बटणं दाबली की कधी लागतात, कधी नाही. त्यांना तसाच नवा हवा होता. मीच म्हटलं, तेवढ्या पैशात मोठ्या स्क्रीनचा टॅबलेट येईल, नकाशा दिसेल, चष्मा न लावता वाचता येईल. माझं दुकान इन्व्हर्टर-बॅटरीचं, त्यामुळे वायरिंग घरचंच. खर्चाची मर्यादा 40,000, त्यात बसवायचं सामान आणि नकाशाही आला.

बोट 28 फुटी, फायबरची, आउटबोर्ड इंजिन, 12 व्होल्टची एक बॅटरी. गळाची मासेमारी, आणि हंगामात गळ टाकायला येणारे पर्यटक. जास्तीत जास्त दहा-बारा सागरी मैल बाहेर, दक्षिणेला निवतीच्या खडकांवरच्या दीपगृहापर्यंत.

22 जून

पहिला धडा फुकटात मिळाला. पुतण्याचा आयपॅड घरात पडून होता. उघडला, नकाशावर निळा ठिपका बरोबर आमच्या अंगणात. काका खूश, मी पण. "झाला तर मग, खर्च कित्याक?"

मग तोच घेऊन छत्रीखाली किनाऱ्यावर गेलो आणि वायफाय बंद केलं. ठिपका घरातच बसून राहिला. आम्ही पाण्याच्या कडेला, ठिपका अंगणात.

हा आयपॅड नुसता वायफायचा आहे. नुसत्या वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएसचा रिसीव्हर नसतो. आजूबाजूचे वायफाय राउटर ओळखून तो जागा सांगतो. गावात राउटर घरोघरी, म्हणून अगदी अचूक वाटतं. दर्यात कोणाचा राउटर? सिमवाल्या आयपॅडमध्ये मात्र खरा जीपीएस असतो, आणि सिम न घालताही तो चालतो. इंटरनेट नसलं तर पहिल्यांदा जागा सापडायला थोडा वेळ लागतो, इतकंच.

काकांना वाटत होतं की जीपीएसला नेट लागतं. बरेच जण तसंच समजतात. जीपीएस नुसतं ऐकतो, पाठवत काहीच नाही. नेट लागतं ते नकाशाची चित्रं उतरवायला. ती आधीच उतरवून ठेवली की काम झालं.

5 जुलै

पाऊस. दुकानात गिऱ्हाईक नाही, त्यामुळे चार दिवस हेच वाचत बसलो. शेवटी तीन वाटा उरल्या.

आयपॅड मिनी, सिमवाला. 8.3 इंच, नकाशाची अ‍ॅप्स उत्तम चालतात. पण बाहेरच्या 35 अंश तापमानापर्यंतच वापरा असं कंपनीच स्पष्ट लिहिते, आणि आमच्याकडे ऑक्टोबरात बोटीवर 35 म्हणजे सावलीत. शिवाय त्याला पाण्यापासून संरक्षणाचं काही मानांकन नाही, वेगळी पेटी घ्यावी लागणार. पेटीत घातला की आणखी तापणार.

दुसरी वाट स्वस्त दहा इंची अँड्रॉइड. अँड्रॉइडमध्ये वायफायच्या मॉडेललाही बहुतेकदा जीपीएस असतो. बहुतेकदा, नेहमी नाही. एकाच नावाच्या टॅबलेटच्या दोन आवृत्त्यांत फरक निघतो.

तिसरी म्हणजे सॅमसंगच्या गॅलक्सी टॅब अ‍ॅक्टिव्हसारखा, गोदामात आणि कारखान्यात वापरायला बनवलेला जाड टॅबलेट. 8 इंच, आयपी68 (धूळ-पाणी रोखण्याचं मानांकन), बॅटरी बोटाने काढून बदलता येते. असं आता कोणी बनवतच नाही म्हणा ना. खाली खरी दाबायची बटणं आहेत, हेही महत्त्वाचं. का, ते काकांचे हात बघितलेत तर कळेल.

आयपी68 वाचून हुरळून जायचं नाही. ती परीक्षा गोड्या, स्थिर पाण्यातली असते. खाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांची आणि मिठाच्या पुटाची हमी कोणीच देत नाही.

चौथीही वाट आहे: टॅबलेट कुठलाही घ्या आणि ब्लूटूथने बोलणारा वेगळा जीपीएस रिसीव्हर टपावर ठेवा. तांत्रिकदृष्ट्या छान. पण चार्ज करायला आणखी एक डबी, आणि काका ती पहिल्याच आठवड्यात विसरणार. रद्द.

19 जुलै

कुडाळला एका दुकानात जाऊन दुसऱ्या वाटेतला एक टॅबलेट बघितला. खोक्यावर मोठ्या अक्षरात जीपीएस. मी माझा फोन आणि तो असे दोन्ही दुकानाबाहेर दुचाकीच्या सीटवर ठेवले, दोन्हींवर जीपीएसटेस्ट नावाचं फुकटचं अ‍ॅप टाकलं आणि विमान मोड लावला. हे अ‍ॅप नुसता ठिपका दाखवत नाही. कोणता उपग्रह, कोणत्या देशाच्या प्रणालीचा, त्याचा सिग्नल किती जोरात, हे सगळं मांडतं. जागा काढायला किमान चार उपग्रह लागतात, आणि एका उपग्रहाकडून त्याच्या कक्षेची माहिती पूर्ण मिळायला अर्धं मिनिट जातं. म्हणजे मिनिटभरात काहीतरी यायलाच हवं.

फोनवर मिनिटाच्या आत वीसेक उपग्रह, अमेरिकन, रशियन, युरोपीय, चिनी, आणि आपल्या भारताच्या 'नाविक' प्रणालीचेही तीन. टॅबलेटवर पाच मिनिटांनी एकही नाही. आभाळ भरलेलं होतं म्हणून, असं दुकानदार म्हणाला. ढगांचा जीपीएसला फारसा त्रास नसतो, आणि बाजूलाच ठेवलेल्या फोनला ढग कसे आडवे आले नाहीत? मी काही बोललो नाही. त्यांनी चहा दिला होता.

तर नवा-जुना कुठलाही टॅबलेट घेताना खोकं वाचायचं नाही. मोकळ्या आभाळाखाली, विमान मोडवर, पाच मिनिटं.

3 ऑगस्ट

घेतला. तिसऱ्या वाटेतला, दुसऱ्या हाताचा, कोल्हापूरच्या एका ओळखीच्याकडून. एक बॅटरी सोबत, एक जास्तीची वेगळी मागवली. विमान मोडवर चाळीस सेकंदांत जागा लागली, सिग्नल फोनपेक्षा किंचित कमी, पण स्थिर. घरामागच्या विहिरीच्या कठड्यावर तासभर ठेवून ठिपक्याचा माग काढला: तीन-चार मीटरच्या वर्तुळात घुटमळत होता. बोटीला पुरे आहे.

काकांनी हातात घेऊन वजन बघितलं. "पडलो तर?" म्हटलं, पडायलाच बनवलाय. त्यांनी लगेच पाडून बघितला नाही, एवढं बरं.

17 ऑगस्ट

नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला, नारळ सोडून झाला, पण दर्या अजून तापलेला आहे. घरातच नकाशांचं काम.

रोजच्या वापरातला गूगलचा नकाशा समुद्रात निरुपयोगी. किनारा संपला की सगळं निळं. खडक निळा, वाळू निळी, पन्नास वाव निळं. लागतो तो सागरी नकाशा, ज्यावर खोलीचे आकडे असतात. आपल्या किनाऱ्याचे अधिकृत सागरी नकाशे डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. (नौदलाचं जलसर्वेक्षणाचं कार्यालय डोंगरात का, हा प्रश्न काकांनी विचारलाच.) टॅबलेटवर ओपनसीपीएन हे सागरी नकाशांचं अ‍ॅप टाकलं, आणि एका व्यावसायिक नकाशा अ‍ॅपची वर्षाची वर्गणी भरली. दोन्हींत रत्नागिरी ते पणजी एवढा पट्टा उतरवून ठेवला, विमान मोड लावून तपासला.

नकाशावरची खोली ही सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते. म्हणजे नकाशा 2 मीटर म्हणत असेल तर बहुतेक वेळी त्याहून जास्तच पाणी. हे काकांना सांगायला गेलो तर त्यांनी माझ्याकडे, शाळेत बाराखडी म्हणणाऱ्या पोराकडे बघावं तसं बघितलं.

आता वही. काकांची पॉइंटची वही म्हणजे घराण्याची इस्टेट. कुठल्या खडकावर कुठल्या महिन्यात काय लागतं, वीस-बावीस वर्षांचं. ते सगळे पॉइंट टॅबलेटमध्ये भरायचे. वहीत ते असे लिहिलेले: 16.01.750 / 73.22.400. (आकडे बदललेत. खरे लिहिले तर काका घरात घेणार नाहीत.) मी बारा पॉइंट भरले, नकाशावर बघितले, तर सगळे भलतीकडे. काका म्हणतात तेरा वाव, म्हणजे 24 मीटरच्या आसपास, आणि नकाशा चाळिशीच्या पुढे.

अर्धा तास डोकं खाजवलं. जुना जीपीएस अंश आणि दशांश मिनिटं दाखवायचा: 16 अंश, 1.750 मिनिटं. मी ते सरळ दशांश अंश समजून 16.01750 आणि 73.22400 भरले होते. एका अंशाची मिनिटं साठ, शंभर नव्हेत. 73 अंश 22.4 मिनिटं म्हणजे 73.37333. फरक 0.149 अंश, आपल्या अक्षांशावर जवळजवळ 16 किलोमीटर. पॉइंट पार खोल समुद्रात जाऊन बसला होता. चूक जर उलट्या दिशेची असती तर माळरानावर दिसली असती आणि लगेच हसलो असतो. पाण्यात पडलेली चूक पाण्यासारखीच दिसते. वहीत तेरा वाव लिहिलेले नसते तर कळलीच नसती.

आता तिन्ही अ‍ॅप्स अंश-दशांश मिनिटांवर लावलीत. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राकडून मासळीच्या संभाव्य क्षेत्राची माहिती येते तीही अंश-मिनिट-सेकंदात असते. ती भरताना परत हाच घोळ होऊ शकतो, म्हणून टॅबलेटच्या पाठीवर कायमच्या शाईने लिहून ठेवलं: साठ!

काकांची एकच अट. "माझे पॉइंट कोणाक गावता कामा नयेत." क्लाउडवर आपोआप साठवणं बंद केलं, खातं काढलं. प्रत म्हणून एक फाइल मेमरी कार्डावर, ते कार्ड देवघरातल्या डबीत.

14 सप्टेंबर

गणपतीत पंधरा दिवस गेले. आता वीज.

बॅटरीवरून 12 व्होल्ट, आधी 5 अँपिअरचा फ्यूज, मग यूएसबीचा कन्व्हर्टर. पहिला स्वस्तातला लावला, चालला. पण इंजिन सुरू केल्यावर काकांच्या रेडिओत खरखर. कन्व्हर्टर काढला की रेडिओ स्वच्छ. टॅबलेटच्या शेजारी तोच कन्व्हर्टर धरून जीपीएसटेस्ट बघितलं, तर सिग्नलचे आकडेही पडले. धातूच्या डबीतला चांगला आणला, वायर पिळून घेतली, खरखर गेली. हे दुकानात मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो आणि स्वतःच्या बोटीला मात्र स्वस्तातला लावला.

यूएसबीच्या भोकात पाणी गेलं की टॅबलेट ओलावा ओळखून चार्जिंग नाकारतो. ते योग्यच, पण मग दिवसभर चार्जिंग नाही. या टॅबलेटला खाली बाहेरून टेकणारे चार्जिंगचे पितळी ठिपके आहेत, त्यावर बसणारा पाळणा मिळाला. ठिपके रोज गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसायचे.

आणखी एक गंमत. कव्हर मिटलं की स्क्रीन आपोआप बंद व्हावी म्हणून त्यात चुंबक असतो. ते कव्हर होकायंत्राजवळ नेलं आणि काटा वीस अंश फिरला. कव्हर घरी. पाळणा होकायंत्रापासून हातभर लांब, सुकाणूच्या डावीकडे.

12 ऑक्टोबर

पहिली खरी फेरी. सकाळी सहाला निघालो, मतलई वारा, पाणी काचेसारखं. पाच वाजल्यापासून मी उत्साहात, काका नेहमीसारखे.

चांगलं ते आधी. आठ नॉटने जाताना बोट सेकंदाला चार मीटर सरकते आणि ठिपका त्याबरोबर सरकतो, मागे रेघ उमटते. पहिल्या पॉइंटवर पोचलो तेव्हा काकांनी टॅबलेटकडे न बघता इंजिन कमी केलं. किनाऱ्यावरचं एक देऊळ आणि मागच्या डोंगराची खाच एका रेषेत आली की थांबायचं, ही त्यांची खूण. टॅबलेटवर पॉइंट बारा मीटरवर होता.

थांबल्यावर बोटीचा बाण गरगर फिरायला लागला. बिघाड नाही: बोट सरकत असेल तरच जीपीएसला दिशा कळते, उभ्या बोटीचं तोंड कुठे आहे हे त्याला कळत नाही. त्यासाठी होकायंत्रच.

वाईट ते अकराच्या सुमाराला. पाणी उडू नये म्हणून पाळण्यासमोर मी अ‍ॅक्रिलिकची काच लावली होती. वारा अडला, ऊन नाही. उजेडात दिसावं म्हणून स्क्रीन पूर्ण तेजावर, खालून चार्जिंग चालू. एका बंद काचघरात मी त्याला तळत ठेवला होता. आधी स्क्रीन मंद झाली, मग तापल्याची सूचना, मग नकाशा बंद. काकांनी गार पाण्याचं फडकं टाकायला घेतलं, मी ओरडलो. सावलीत, वाऱ्यावर धरला, वीस मिनिटांनी आला.

पुतण्या काळा पोलरॉइड चष्मा लावून आला होता. टॅबलेट उभा केला की त्याला स्क्रीन काळीठार दिसायची, आडवा केला की ठीक. आता पाळणा आडवाच.

आणि हात. काकांनी सुरमई काढली आणि त्याच हाताने नकाशा मोठा करायला गेले. चिकट, ओलं बोट. नकाशा मोठा झाला नाही, थेट दुसऱ्याच पॉइंटची वाट सुरू झाली. थेंब पडले की स्क्रीन स्वतःच स्वतःला टोचते. संध्याकाळी स्क्रीनचा स्पर्श बंद करणारं अ‍ॅप टाकलं, बाजूचं जादा बटण नकाशा उघडायला लावलं, आणि पाळण्याला एक सुती फडकं बांधलं. सगळ्यात उपयोगी ते फडकंच.

19 ऑक्टोबर

काच कापून अर्धी केली, वरून पांढऱ्या फायबरचं छज्जं. बॅटरी काढून टाकली: हा टॅबलेट बॅटरीशिवायही नुसत्या बाहेरच्या विजेवर चालतो. चार्जिंगची उष्णताच गेली. तीन तास उन्हात, सूचना नाही. तोटा असा की इंजिनच्या थरथरीने ठिपके क्षणभर सुटले की सगळं विझतं. दोनदा विझला. पाळण्याखाली रबर घातलं. रात्रीच्या फेरीला मात्र बॅटरी आत, लाल रंगाचा नकाशा, तेज अगदी कमी.

7 नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमा परवा झाली. उधाणाचे दिवस, संध्याकाळची ओहोटी खूप खाली. मुद्दाम हा दिवस धरला होता.

मालवणचं बंदर खडकांचं. सिंधुदुर्गाभोवती, पद्मगडाकडे, राजकोटाखाली, सगळीकडे. शिवाजी महाराजांनी 1664 साली किल्ल्यासाठी कुरटे बेट निवडलं त्यात या खडकांचाही हिशोब होताच. अनोळखी गलबताला इथली वाट सापडू नये. ती वाट टॅबलेटवर कशी दिसते ते बघायचं होतं.

हळूहळू निघालो, मी टॅबलेटसमोर, काका सुकाणूवर. नकाशावर पुढे स्वच्छ पाणी, उजव्या हाताला खडकाचं चिन्ह. मी म्हटलं, डावीकडे घ्या. काकांनी उजवीकडे घेतलं.

"खडक थय नाय. हय आसा." आणि बोटीच्या डाव्या अंगाला, मी जिथून जा म्हणत होतो तिथे, पाणी दोन वेळा खाली बसलं आणि काळा माथा दिसला. कालवं चिकटलेली, वर एक पाणकावळा उतरायच्या तयारीत.

ठिपका खोटा नव्हता. जीपीएसटेस्टमध्ये चूक तीन मीटरची दिसत होती. नकाशा ज्या प्रमाणावर काढलेला, त्यात ही चूक आधीच होती. 1:1,50,000 प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे 150 मीटर. खडकाच्या चिन्हाची रेघच अर्धा मिलिमीटर जाड असली तर झाले 75 मीटर. टॅबलेटवर दोन बोटांनी तो नकाशा हवा तेवढा मोठा होतो, रेघा तेवढ्याच सुबक राहतात, म्हणून वाटतं की अचूकताही वाढली. कागदावर भिंग धरलं तर कोणी असं समजणार नाही. ओपनसीपीएन प्रमाणाबाहेर मोठं केल्याची सूचना देतं, मी ती दोन महिने बघून न बघितल्यासारखी करत होतो.

"पाणी बघ, यंत्र काय बघतस?" एवढंच बोलले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मग मी नकाशाचा थर बंद केला. पांढरी स्क्रीन, नुसता ठिपका आणि मागे उमटणारी रेघ. काकांना म्हटलं, आता तुम्ही नेहमीच्या वाटेने आत-बाहेर दोनदा करा. त्यांनी केलं. दोन्ही रेघा एकमेकींपासून कुठेच आठ मीटरपेक्षा लांब नव्हत्या. अंधार पडेपर्यंत दिसलेल्या सगळ्या माथ्यांवर खुणा टाकल्या, सतरा झाल्या. प्रत्येकाला काकांकडे नाव होतं. तीन-चार नावं इथे लिहिण्यासारखी नाहीत.

23 नोव्हेंबर

देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी. इथे खडकांचा प्रश्न नाही, वाळूचा आहे. दर पावसाळ्यात वाळूची दांडी जागा बदलते, गेल्या वर्षीच्या वाटेत यंदा गुडघाभर पाणी. पर्यटक ज्याला त्सुनामी बेट म्हणतात तेही याच वाळूचं. नकाशावर मुख कोणत्या सालचं आहे कोण जाणे, आम्ही नकाशानुसार तीनदा जमिनीवरून गेलो.

इथली रेघ नोंदवली, नावात महिना आणि साल घातलं. पुढच्या पावसानंतर ती पुसायची, नाहीतर कोणी विश्वास ठेवेल.

14 डिसेंबर

हिशोब: टॅबलेट, जास्तीची बॅटरी, पाळणा, कन्व्हर्टर, नकाशाची वर्गणी मिळून 36,400. वाया गेलेला कन्व्हर्टर आणि अ‍ॅक्रिलिक धरून. बोटीवर कागदी नकाशा, होकायंत्र आणि एका फोनवर सगळ्या खुणांची प्रत, हे राहणारच. जुना जीपीएस काकांनी फेकू दिला नाही.

आज पहाटे मी गेलो नाही, काका पुतण्याला घेऊन गेले. दुपारी कार्ड काढून बघितलं, रेघ नोंदवलेली होती. पुतण्याला विचारलं तर म्हणाला, मी हातच लावला नाही.

बाकी: पाळण्याचा खालचा स्क्रू आताच गंजलाय, 316 दर्जाच्या स्टीलचा आणायचा. अमावास्येच्या उधाणाला सर्जेकोटची बाजू. काका म्हणालेत, थय आणखी नऊ आसत.